फिरतीची नोकरी निभावताना

‘कामानिमित्त फिरतीची तयारी हवी’ ही जाहिरातीतली ओळ वाचताना बहुतेकांना बरंच वाटतं. वय पंचविशीचं असतं. चार गावं बघायला मिळतील, भत्ता सुटेल, साहेब सतत डोक्यावर नसेल, असे हिशेब मनात असतात आणि ते चुकीचेही नसतात. औषध कंपनीचे प्रतिनिधी, बियाणं-खतांच्या कंपन्यांची माणसं, पॅथॉलॉजी लॅबमधली यंत्रं दुरुस्त करणारे सर्व्हिस इंजिनिअर, बँकांच्या शाखा तपासणारे ऑडिटर, शाळाशाळांतून हिंडणारे प्रकाशन संस्थांचे प्रतिनिधी, अशा अनेकांना ही नोकरी वर्षानुवर्षं आनंदानं करताना मी पाहिलं आहे. दोन-तीन वर्षांत पाठदुखी, पित्त, रिकामं खातं आणि घरातला अबोला पदरी घेऊन ती सोडणारेही पाहिले आहेत.

काम दोघांचं तेच, गावंही तीच. मग एक रमतो आणि एक मोडतो, असं का होतं? मला वाटतं, किलोमीटर माणसाला दमवतात त्याहून जास्त दमवते ती रोजची ठरवाठरवी. आज कुठे उतरायचं, जेवायचं कुठे, शेवटची गाडी किती वाजता, या लॉजवाल्याचं बिल ऑफिसला चालेल का? सकाळी उठल्यापासून असे प्रश्न पडत राहिले की खऱ्या कामाला आणि खऱ्या मौजेला डोकं उरत नाही. म्हणून निघण्याआधी जे ठरवता येतं ते सगळं ठरवून टाकावं. पुढच्या सूचना त्यासाठीच आहेत.

आधी टूर प्रोग्रॅम

महिनाअखेरीस पुढच्या महिन्याचा टूर प्रोग्रॅम द्यायचा असतो आणि पुष्कळ जण तो मागच्या महिन्याचा नकलून देतात. तसं करू नका. त्या कागदावर पुढच्या तीस दिवसांची झोप, जेवण आणि तब्येत ठरत असते.

गावं एकेकटी घेऊ नका, फेरी करा. समजा, तुमचं मुख्यालय पुणे आहे. संध्याकाळी सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस रात्री सोलापुरात पोहोचवते. सकाळी ताजेपणानं सोलापूरचं काम, मग तुळजापूरवरून धाराशिव, पुढे लातूर, तिथून बार्शी आणि शेवटी कुर्डुवाडीहून गाडी धरून पुणे. या फेरीत कुर्डुवाडी-पुणे हा लोहमार्ग सोडला तर फारसा रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. लांबचं आणि अवघड काम अंगात जोर असताना होतं आणि शेवटचा दिवस घराच्या दिशेला असतो. हीच गावं सुटी सुटी केली तर प्रत्येक वेळी पुण्यापासून जाणं-येणं, म्हणजे दुपटीहून जास्त प्रवास.

गावाचं कॅलेंडरही बघावं. प्रत्येक गावाचा बाजाराचा दिवस आणि दुकानं बंद ठेवण्याचा वार वेगळा असतो. मोठ्या डॉक्टरांचा ऑपरेशनचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी दारात तीन तास बसून काही हाती लागत नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात आणि नवरात्रात तुळजापुरात खोली मिळणं मुश्कील. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं, तेव्हा तिथली बरी हॉटेलं आधीच भरलेली असतात. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे, त्या काळात नाशिकच्या मुक्कामाची सोय फार आधी लावावी लागेल. लग्नसराईत तर कुठल्याही जिल्ह्याच्या गावी लॉज आणि एसटी दोन्ही भरलेली. पावसाळ्यात घाटरस्ते बेभरवशाचे होतात, वरंध घाट अनेकदा वाहतुकीला बंद असतो. हे सगळं घरबसल्या कळतं. फक्त टूर प्रोग्रॅम लिहिण्याआधी कळून घ्यावं लागतं.

गाडी, एसटी आणि स्वतःचं वाहन

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं. फिरतीच्या माणसाला साठ दिवसांनंतरचा कार्यक्रम सहसा ठाऊक नसतो, पण तिमाही बैठक, वार्षिक कॉन्फरन्स, दिवाळीला घरी परतणं या तारखा ठाऊक असतात. तेवढी तिकिटं तरी आधी काढून ठेवा. बाकीच्यांसाठी तत्काळ. गाडी मूळ स्थानकातून सुटते त्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता ते खुलं होतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खातं आधारशी पडताळलेलं असणं सक्तीचं आहे. हे काम सुट्टीच्या दिवशी घरी उरकून टाका. सकाळी दहाला दवाखान्याच्या बाकावर बसून ओटीपीची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि एक लक्षात ठेवा, कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

वेटिंगचेही प्रकार असतात. जीएनडब्ल्यूएल लिहिलेलं सर्वसाधारण वेटिंग पुढे सरकण्याची शक्यता बरी असते. पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्थानकांच्या सामायिक कोट्यातलं वेटिंग, सहसा अडकून पडतं. त्यामुळे मधल्या स्थानकावरून चढणार असाल तर मूळ स्थानकापासूनचं तिकीट मिळतंय का ते पाहावं आणि चढण्याचं स्थानक वेळेत बदलून घ्यावं. भाडं थोडं जास्त पडतं, पण बर्थ मिळतो. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जाणार नसाल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, गाडी तुमच्या स्थानकावरून सुटण्याआधी भरावा लागतो. दौंडला जाणाऱ्यांनी तिकिटावरचं नाव नीट वाचावं. काही गाड्या जंक्शनला न जाता दौंड कॉर्ड लाइनवर थांबतात आणि ही दोन स्थानकं वेगळी आहेत.

रात्रीच्या गाड्या या नोकरीचा मोठा आधार आहेत. मुंबई-सोलापूर सिद्धेश्वर, मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी, नागपूर-गोंदियाकडे विदर्भ, जालना-नांदेडकडे देवगिरी. जेवून चढावं, सकाळी कामाच्या गावी उतरावं. यातून लॉजचं भाडं आणि अख्खा दिवस वाचतो, म्हणून नवे लोक लागोपाठ रात्री गाडीत काढतात. माझं स्पष्ट सांगणं आहे की दोन रात्री सलग गाडीत काढू नका. गाडीतली झोप पूर्ण झोप नसते आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही ज्याच्यासमोर बसता त्या माणसाला ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. बर्थ निवडताना वरचा घ्या. नियमानं झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी आहे, पण वरच्या बर्थवरच्या माणसाला नऊलाही आडवं होता येतं आणि कुणी उठवत नाही.

पहाटे उतरल्यावर अंघोळ आणि दोन तास पाठ टेकायला जागा हवी असते. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर रेल्वेची रिटायरिंग रूम ऑनलाइन मिळते आणि ती पुष्कळ ठिकाणी लॉजपेक्षा स्वच्छ व सुरक्षित असते. मुंबई सेंट्रल स्थानकावर नोव्हेंबर २०२१ पासून पॉड हॉटेलही आहे. काही तासांच्या कामासाठी मुंबईत आलेल्या एकट्या माणसाला ते पुरतं.

जिथे रेल्वे नाही तिथे एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून तालुक्याच्या महाराष्ट्राला एसटीनंच जोडून ठेवलं आहे. मोबाइलवर वेळापत्रक दिसतं खरं, पण स्टँडवर उतरल्या उतरल्या कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन परतीची शेवटची गाडी विचारावी आणि तिच्या आधीची गाडी आपली मानावी. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहिलेला माणूस रात्री नऊला फलाटावर एकटा उरतो. लागोपाठ चार किंवा सात दिवस एसटीनंच हिंडायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ पास स्वस्त पडतो, पण आपल्या अकाउंट्स विभागाला पास चालतो का हे आधी विचारा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. बसमध्ये सीट निवडता आली तर मधली घ्या, मागच्या चाकावरची सीट कंबरेचा जीव घेते.

आता स्वतःच्या गाडीबद्दल. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता मिळाला. ही मोठी सोय आहे. पण रस्ता सरळ झाला म्हणून सकाळी निघून संध्याकाळी नागपुरात मीटिंग आणि दुसऱ्या दिवशी परत, असा कार्यक्रम कुणी आखून दिला तर तो नाकारा. वळण नाही, गाव नाही, सिग्नल नाही, अशा रस्त्यावर डोळा लागतो आणि लागला हे कळत नाही. पहाटे दोन ते सहा आणि जेवणानंतरची दुपार या दोन वेळा सगळ्यांत वाईट. दर दोन तासांनी गाडीतून उतरून चाला. टायरमधली हवा निघण्याआधी तपासा. डोळे जड झाले तर काच खाली करून किंवा गाणी मोठ्यानं लावून भागत नाही. विश्रांतीच्या ठिकाणी गाडी लावून वीस मिनिटं झोपा. मीटिंग थांबेल. आणि दुचाकीवरून रोज शंभर किलोमीटर हिंडणाऱ्या प्रतिनिधींनो, तालुक्याच्या रस्त्यावर पोलीस नसतो म्हणून हेल्मेट हँडलला अडकवू नका.

मुक्काम

खोली घेताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. ‘चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं?’ हे विचारा. पहाटे सहाला आलेल्या माणसाला बाराच्या चेकआउटची खोली म्हणजे एका रात्रीसाठी दोन दिवसांचं भाडं. दुसरा प्रश्न गरम पाण्याच्या वेळेचा. मग खोली उघडून आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पलंगाजवळ प्लग आहे का, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. खोली रस्त्याच्या बाजूची नको, स्वयंपाकघराच्या वरची नको आणि लग्नाच्या हॉलशेजारची तर मुळीच नको. एकदा बरा लॉज सापडला की दर वेळी तिथेच उतरावं. पन्नास रुपये वाचवण्यासाठी नवा लॉज शोधण्यात जी संध्याकाळ जाते ती पन्नास रुपयांहून महाग असते. ओळखीचा मॅनेजर रात्री अकराला आलेल्या माणसासाठी पिठलं-भात टाकायला सांगतो, पोट बिघडलं तर डॉक्टरकडे घेऊन जातो.

ओळखपत्राची झेरॉक्स सगळीकडे मागतात. आधारची द्यायची असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि ते आधारच्या संकेतस्थळावरून मिळतं. महिनाभरात पंधरा लॉजच्या खणांत आपल्या आधारच्या पूर्ण प्रती पडून राहाव्यात हे बरं नव्हे.

फिरतीवर येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते आहे आणि त्यांच्या अडचणी कंपन्यांच्या परिपत्रकांत कुठेच नसतात. सगळ्यांत मोठी अडचण स्वच्छतागृहाची. ते मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या अनेक जणी आहेत आणि त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग मागे लागतो. पाणी कमी करू नका. प्रत्येक गावातली दोन-तीन खात्रीची ठिकाणं हेरून ठेवा: एखादं मोठं हॉस्पिटल, बरं हॉटेल, ओळखीच्या स्टॉकिस्टचं ऑफिस. ती यादी आपल्या भागात काम करणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या मुलींनाही द्या. खोली जिन्याजवळची आणि वर्दळीच्या मजल्यावरची घ्या, काउंटरवरचा माणूस खोलीचा नंबर मोठ्यानं उच्चारत असेल तर दुसरी खोली मागा आणि संध्याकाळनंतर घरच्या एका माणसासाठी लोकेशन चालू ठेवा. अडचण आलीच तर ११२ हा क्रमांक सगळीकडे लागतो. राहण्याच्या भत्त्याच्या मर्यादेत सुरक्षित खोली मिळत नसेल तर ते लेखी कळवा आणि जास्तीचं भाडं मागा. ही सवलत नव्हे, कामाची गरज आहे.

पोट

फिरतीतले निम्मे आजार हॉटेलातून येतात आणि उरलेले उपाशी राहण्यातून. सकाळी नाश्ता न करता निघायचं, अकराला वडापाव, तीनला तर्रीवाली मिसळ, रात्री साडेदहाला पनीरची तेलकट भाजी, असं वर्षभर चाललं की पित्त, मग वजन, मग साखर. उपाय साधे आहेत. नाश्ता खोली सोडण्याआधी. दुपारी पुरी-पनीर टाळून पोळी किंवा भाकरी, वरण, भाजी, ताक. रात्री आठच्या आत हलकं जेवण. पिशवीत शेंगदाणे-गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू कायम असावेत, कारण डॉक्टरची ओपीडी दीडला संपेल म्हणतात आणि ती साडेतीनला संपते.

चांगलं जेवण कुठे मिळतं हे रिक्षावाल्यापेक्षा बँकेतल्या कारकुनाला विचारा. बदलीवर आलेली एकटी माणसं रोज कुठे जेवतात ती खाणावळ शोधायची. तिथे पाटी नसते बहुधा, पण भाकरी तव्यावरची असते. चहाचा प्रश्न त्याहून अवघड. प्रत्येक दुकानात चहा मागवला जातो आणि तो नाकारला तर समोरच्याला वाईट वाटतं. ‘अर्धाच, बिनसाखरेचा’ असं पहिल्याच भेटीत सांगून टाका, पुढे त्यांच्या लक्षात राहतं. पाणी घरच्या बाटलीतलं किंवा सीलबंद. मराठवाड्यात आणि विदर्भात एप्रिल-मेमध्ये काम करणाऱ्यांनी ओआरएसच्या पुड्या जवळ ठेवाव्यात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रोजच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. मुक्कामाची संध्याकाळ रिकामी असते, खोलीत टीव्ही असतो आणि शेजारच्या खोलीत दुसऱ्या कंपनीचा माणूस असतो. तिथून ‘बसायची’ सवय लागते. आधी महिन्यातून एकदा, मग प्रत्येक मुक्कामाला. या व्यवसायातली फार गुणी माणसं मी अशी वाया गेलेली पाहिली आहेत. संध्याकाळ रिकामी राहणार नाही याची तजवीज टूर प्रोग्रॅम लिहितानाच करून ठेवावी.

आणि ती किती सुंदर करता येते! मिरजेचंच घ्या. औषध कंपन्यांच्या माणसांना मिरज चुकत नाही, कारण १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून ते दवाखान्यांचं गाव आहे. पण त्याच गावात सतारी आणि तंबोरे घडतात आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. संध्याकाळी सातला शेवटचा कॉल संपला की सतारमेकरांच्या गल्लीत जा. पंढरपूरच्या बाजूला पिकलेले मोठे भोपळे टांगलेले दिसतील. एक जण तुंबा कोरत असेल, एक जण नक्षी करत असेल आणि कोपऱ्यात कुणीतरी तारेखाली जवारी लावत एकच सूर पुन्हा पुन्हा छेडून बघत असेल. कुणी हाकलत नाही. आस्थेनं विचारलं तर काम न थांबवता सांगतात. दिवसभर पंचवीस दारांत उभं राहून थकलेल्या माणसाला तो तास जे देतो ते दुसरं काही देत नाही.

प्रत्येक गावाचं असं काही ना काही असतं. कडाक्याच्या थंडीत जळगाव-भुसावळला काम असेल तर भरताच्या जेवणाचं आमंत्रण टाळू नका. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरी न्यायला घ्या. सोलापूरची फेरी शनिवारी संपत असेल तर नळदुर्ग फार लांब नाही, त्या किल्ल्याचा पाणीमहाल पावसाळ्यानंतर पाहावा. लातूरला असाल तर औशाचा किल्ला जवळ आहे. बुलडाणा जिल्ह्यात मुक्काम पडला तर लोणारचं सरोवर पाहिल्याशिवाय परतू नका.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र गावोगावची सार्वजनिक वाचनालयं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. वृत्तपत्रांच्या दालनात जाऊन बसावं, त्या जिल्ह्याचा पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा. कांद्याचा भाव काय आहे, कुठल्या रस्त्यावरून आंदोलन चाललंय, कुणाचा सत्कार आहे. दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी बोलताना तुम्ही परगावचे उरत नाही. धंद्यालाही त्याचा फायदा होतो, पण मुळात आपण जिथे आहोत तिथले असण्याचं सुख मोठं असतं.

हिशेब

मुख्यालय, एक्स-स्टेशन (त्याच दिवशी परतायचं गाव) आणि आउटस्टेशन (मुक्कामाचं गाव) असे भत्त्याचे तीन दर बहुतेक कंपन्यांत असतात. ते परिपत्रक रुजू होतानाच मागून घ्या आणि कुठलं गाव कशात मोडतं हे लेखी ठरवून घ्या, भांडणं तिथेच होतात. लॉजच्या बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक घालून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून जास्त लावला असेल तर विचारा. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची शाई काही आठवड्यांत उडते, म्हणून बिल हातात पडताच फोटो काढा. रिक्षाचं बिल मिळत नाही, तेव्हा कुठून कुठे, किती किलोमीटर, किती रुपये हे त्याच रात्री डायरीत उतरवा. दौऱ्यावरचा दैनिक भत्ता प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरता करमुक्त असतो. तो हिशेब मागितला तर ही डायरीच कामी येते.

व्हाउचरचे पैसे उशिरा येतात आणि तोवर खर्च आपल्या पगारातून होतो. अनेक तरुणांचं घर यानंच विस्कटतं. एका महिन्याच्या फिरतीचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवा, भत्ता आला की तो त्याच खात्यात जाऊ द्या. भत्ता म्हणजे उत्पन्न समजून त्यावर हप्ता घेऊ नका. बढती झाली, टेबलावरचं काम आलं की भत्ता बंद होतो आणि हप्ता राहतो. आणि खोटं व्हाउचर कधीही लावू नका. वीस रुपयांपासून सुरुवात होते आणि एके दिवशी साहेबाच्या हातात तुमच्याविरुद्ध कागद असतो, मग न पटणाऱ्या बदलीलाही नाही म्हणता येत नाही.

विक्री प्रतिनिधींसाठी संसदेनं १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा केला होता आणि त्यात लेखी नेमणूकपत्र, रजा, सुट्ट्या यांची तरतूद होती. आता ते विषय नव्या कामगार संहितांत गेले आहेत. कायदा कुठलाही असो, नेमणूकपत्रावर मुख्यालय कुठलं आणि कामाचं क्षेत्र कुठवर, हे लिहून मिळाल्याशिवाय रुजू होऊ नका.

घर

तुम्ही बाहेर असता तेव्हा गॅस संपतो, मूल तापतं, सोसायटीची मोटर बिघडते, आईला डॉक्टरकडे न्यायचं असतं. ते सगळं घरात राहिलेला एक माणूस करतो. परतल्यावर ‘मी किती दमलोय’ हे पहिलं वाक्य असू नये. फोनची वेळ ठरवा आणि ती पाळा. दुकानाच्या काउंटरवरून चालता चालता केलेले पाच फोन एका शांत फोनची जागा घेत नाहीत. मुलांशी बोलताना ‘अभ्यास झाला का’ यापलीकडे बोला, आज पाहिलेलं गाव त्यांना सांगा, नकाशात दाखवा. वर्षातून एखादी फेरी शाळेच्या सुट्टीत बसवून त्यांना बरोबर न्या. त्यांचा खर्च तुमचा, पण आपले वडील किंवा आई कुठे जातात, कुणाला भेटतात, हे त्यांना दिसेल.

घरी आल्यावर बॅग त्याच रात्री रिकामी करा, कपडे स्वतः धुवायला टाका आणि अंघोळ करून सगळ्यांबरोबर जेवा. रिपोर्ट उद्या सकाळी भरला तरी चालतो.

टूर प्रोग्रॅमला मंजुरी देणाऱ्या साहेबांनाही एक विनंती आहे. आढावा बैठक शनिवारी संध्याकाळी लावू नका. पाच दिवस बाहेर राहिलेल्या माणसाला ती रविवारची पहाट गाडीत काढायला लावते. आणि फिरतीवरच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या महिन्याचा कागद भरायला बसाल तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या. पालकसभा, वाढदिवस, वडिलांच्या तपासणीची तारीख त्या कागदावर आधी लिहा, गावं त्यानंतर.